जॉर्जेटोचा गुडघा

इंटरनेटवर आलंय म्हणजे काहीतरी तथ्य असेलच, असं म्हणणाऱ्याने आमच्या निलेशला एकदा भेटावं. तो इथे सुरतेतच एका वेबसाइटसाठी फुटबॉलच्या बातम्या लिहितो. बातम्या कसल्या, कोणता खेळाडू कोणत्या क्लबात चाललाय याच्या थापा! लोक क्लिक करतात, शेठ खूश होतो.

एकदा पर्वत पाटिया भागातल्या माझ्या कापडाच्या दुकानात बसला असताना शेठचा फोन आला. "आत्ताच्या आत्ता नवा खेळाडू पाहिजे!" निलेशने समोरच्या ताग्यावरचं 'जॉर्जेट' वाचलं आणि ठोकून दिलं: ब्राझीलचा जॉर्जेटो इंग्लंडच्या वाटेवर.

बातमी तुफान चालली. दुसऱ्या दिवशी शेठ त्याच्यावरच उखडला. "जॉर्जेटोचा गुडघा दुखावल्याचं दुसऱ्या साइटवर आलंय. आपणे केम पाछळ, आपणच मागे का? नोकरी करायची आहे ना?"

निलेश रडकुंडीला येऊन माझ्याकडे आला. "अरे, जॉर्जेटोला जन्माला मी घातलं आणि गुडघा भलत्यानेच मोडला! आता मी काय लिहू?"

गल्ल्यावर माझे वडील होते. त्यांची हयात पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये गेली. फुटबॉलशी संबंध शून्य, त्यांनी फक्त नाव ऐकलं.

"जॉर्जेट घेतोय का कोणी? त्याला आधीच सांगून ठेव, पहिल्या पाण्यात आटतं."

संध्याकाळी निलेशची बातमी झळकली: 'इंग्लंडच्या पावसात जॉर्जेटो टिकणार नाही, विश्वसनीय सूत्रांचा इशारा.'

सूत्र खरोखर जिवंत असलेली त्याची ही पहिलीच बातमी!