रागावणारी लेक

धुळ्यातल्या किडनीच्या दवाखान्यात यास्मिन आपल्या नंबरची वाट पाहत बसली होती. शेजारी बसलेल्या बेबाबाईंनी रुमालाची गाठ सोडली, दोन गोळ्या तोंडात टाकल्या आणि वर पाणी घेतलं. तेवढ्यात त्यांची धाकटी जाऊ इंदूबाई केसपेपर काढून आली.

“अक्का, मन्ही भाविकाना फोन वना व्हता. अमेरिकामा म्हने लोके दुखनी गोळी खाईखाईसन मरतस.”

“गोळीवर कोन मरस? आपला गावमा बठ्ठ्या बाया चहासंगे गोळी खाईसनच कापूस येचाले जातस.”

“तेच मी तिले सांगं, तर इतली रागावनी! रोज इचारस, ‘मम्मी, गोळी तर नही खादी ना?’ मोबाइलवर माले गोळ्यासनी पिशवी बी दखाडाले लावस.”

“रोज?”

“रोज. डोकं खाई टाकस.”

“तुन्हं बरं शे, माय.”

“काय बरं? पोर नही, सासू शे ती मन्ही!”

“मन्ही पोर भूमिकाले तर फोन कराले येळच भेटत नही.”

“ती तर आठेच साक्रीमा ऱ्हास, अक्का.”

दारातून सिस्टरनं हाक मारली.

“बेबाबाई, आत चला. पायांना फार सूज आहे हो! दुखण्याच्या गोळ्या घेता का?”

बेबाबाईंनी आधी जावेकडे पाहिलं.

“गोळी? नही वं माय! मन्ही भूमिका हात लावू देत नही. फोनवर रागावस ना माले!”

“भूमिका बी रोज फोन करस, अक्का?”

“तुन्ही एकदाव करस. मन्ही दोनदाव.”

बेबाबाईंनी रुमाल कमरेला घट्ट खोचला. यास्मिननं पाय आखडून त्यांना वाट करून दिली.