जटायूचं तोंड

माहेर माह्यं हिवरखेडचं, काळ्या मातीतलं, अन् सासर मूर्तिजापूरचं, तेही काळ्या मातीतलंच. लहानपनापासून मी पोळ्याचे मातीचे बैल करते, साऱ्या गल्लीले मीच देते, पन तू हे लिहून घेऊन राह्यली म्हनून सांगते पोरी, बैलापुढं माहा हात कधी गेलाच नव्हता. औंदा गेला!

रामनवमीच्या मिरवनुकीत आमच्या गल्लीच्या झांकीत जटायू ठरला. कपाशीच्या पऱ्हाट्या बांधून धड झालं, पोत्याचे पंख झाले, तोंड तेवढं राह्यलं. माहा पुतन्या बाळू म्हने, काकू, अकोल्याहून थर्माकोलचं आनतो. मी म्हनलं, काहून? मले करू दे. तो म्हने, तुह्या जटायूले शिंगं नाही फुटली म्हनजे झालं! सारी पोरं हसली. मले असा चेव आला का इचारू नको.

वावरातली माती आनली, मळली, घमेल्याएवढं डोकं केलं, लांब वाकडी चोच काढली अन् उन्हात ठेवलं. वाळलं का वरून कागद चिकटवून मुखवटा उतरवाचा होता. इथंच फसली मी. पोळ्याचे बैल आमी ओलेच पुजतो अन् पान्यात सोडतो, वाळेपर्यंत ठेवतो कोन? दुपारी पाह्यलं तं मानेले भेगाच भेगा, उन्हाळ्यात वावर फाटते ना, तसं! बाळू म्हने, काकू, गाडी काढू का मंग अकोल्याले?

मी त्या भेगाच पाहत राह्यली. अन् पाहता पाहता मले हिवरखेडचा नाला दिसला, मेलेलं ढोर टाकत तिथं, गिधाडं बसत, त्यायची मान अशीच सुरकुतलेली. अन् जटायू तं म्हातारा गिधाडच होता ना बाई! म्हनलं, थांब रे बाळू. भेगा बुजवल्याच नाही. चिंचोक्याच्या खळीत कागद भिजवला, बोटानं एकेका भेगेत दाबत गेली. वाळल्यावर आतली माती फोडून काढली, तं साऱ्या सुरकुत्या मुखवट्यावर उतरलेल्या! बाळूनं हात लावून पाह्यला, म्हने, काकू, हा तं जित्ता वाटून राह्यला.

झांकी चौकात आली, रावनानं तलवार उगारली, अन् गर्दीतून एक म्हातारी वरडली, ए मेल्या, म्हाताऱ्या जिवावर हात उचलतं काय! रावन थबकलाच! मी तिथंच टाळ्या पिटल्या, लाज नाही वाटली.

आता तो मुखवटा आमच्या दारावर आहे, खिळा बाळूनंच ठोकला. पुढच्या साली जटायूचा भाऊ संपाती पाह्यजे म्हने तो. माती आनूनच ठेवली मी. पडू दे भेगा. तू बी लिहीत राह्य पोरी, तुह्या हाताले यश येवो.