पोस्टातल्या मुलीची चाल

धाकटा – मी वेळ घेऊन ठेवली आहे, ताई. उद्या सकाळी साडेदहाची. डॉक्टर चांगले आहेत, म्हाताऱ्या माणसांचंच बघतात. तू फक्त अप्पांना तयार कर. तुझं ऐकतात ते.

ताई – वेळ रद्द कर.

धाकटा – हे बघ, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला फोन केला, तुला नाही. रोज दुपारी तीनला तोच सिनेमा. पोस्टातल्या मुलीचा, तो जुना. तेही एक वेळ समजू शकतो, माणसाला एखादा सिनेमा आवडतो. पण काकू म्हणाल्या, टीव्हीकडे पाठ करून बसतात. तोंड खिडकीकडे, डोळे मिटलेले. सिनेमा चालू आणि बघणारं कोणी नाही. आई गेल्याला चार वर्षं झाली, मला वाटत होतं सावरलेत.

ताई – सावरलेतच. चहा घे, निवतोय. ते केस कापायला गेलेत, तो न्हावी त्यांना तासभर सोडत नाही. तोवर मी सांगते ते ऐक आणि मध्ये बोलू नकोस. पंधरा दिवसांपूर्वी मी आले होते. दुपारची वेळ, माझ्याकडे किल्ली असतेच. आत अप्पांचा सिनेमा चालू होता, म्हणून त्यांना हाक न मारता थेट स्वयंपाकघरात गेले. भांडी पडली होती ती घासायला घेतली. आणि आई बाहेरच्या खोलीतून चालत गेली.

धाकटा – ताई.

ताई – मध्ये बोलू नकोस म्हटलं ना. माझ्या हातात कढई होती. मी विचारसुद्धा केला नाही रे. सवयीनं मनात आलं, आली वाटतं, आता म्हणेल कढईला एवढा साबण लावू नकोस. मग हात तसेच साबणात राहिले. आई नाहीये हे आठवायला मला किती वेळ लागला, सांगता येणार नाही. आणि पावलं चालूच होती. तिचा डावा पाय कसा पडायचा, आठवतंय?

धाकटा – आखूड होता थोडा. उजवा ठक् पडायचा आणि डावा जरा घासून यायचा.

ताई – तसंच. अगदी तसंच. मी ओल्या हातांनी बाहेर आले. टीव्हीवर ती पोस्टातली मुलगी लांबलचक वऱ्हांड्यातून पिशवी घेऊन चाललेली, आणि अप्पा खिडकीकडे तोंड करून बसलेले. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "तुला ओळखू आली?"

धाकटा – म्हणजे काय? आई त्या सिनेमात होती? ती तर स्टुडिओत कपडेपटात होती. बटणं लावायची, उसवलेलं शिवायची.

ताई – मलाही तेवढंच माहीत होतं. बाकीचं अप्पांनी त्या दिवशी सांगितलं, एका बैठकीत. सिनेमात चालण्याचा आवाज नंतर भरतात म्हणे. एका बंद खोलीत फळी, वाळू, फरशी असं मांडून ठेवतात, आणि पडद्यावरच्या माणसाच्या पावलाला पाऊल मिळवत कोणीतरी चालतं. त्या कामाला एक बाई होत्या. पण ती पोस्टातली मुलगी दिवसभर पत्रं वाटून दमलेली, आणि या बाईंचं पाऊल पडायचं घड्याळासारखं. साउंडचे मास्तर दोन दिवस डोकं धरून बसले होते. तेवढ्यात आई बूट घेऊन वर त्या खोलीत गेली. नटीच्या बुटाची टाच निघाली होती, ती बसवून आणली होती आईनं. नीट बसली का बघायला स्वतःच पायात घातले आणि त्या फळीवरून चार पावलं टाकली. मास्तरांच्या कानाला हेडफोन होते. त्यांनी ते काढले, आईला म्हणाले, बाई, पुन्हा चाला.

धाकटा – आणि ती चालली.

ताई – तीन दिवस. अख्खा सिनेमा चालली. पडद्यावर दिसते ती नटी, ऐकू येते ती आपली आई. सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांमध्ये नाव नाही काही नाही. त्या सिनेमाचं एवढं कौतुक झालं, ती मुलगी कशी चालते, तिच्या चालण्यातच तिचं सगळं आयुष्य कळतं, असं लोक बोलायचे. आई ते ऐकायची आणि घरी येऊन भाजी निवडायची.

धाकटा – थांब. अप्पा त्यांच्या मनाचं सांगत असतील. इतक्या वर्षांनी माणसाला वाटतं काहीही. तुलाही वाटलं असेल, भांड्यांच्या आवाजात.

ताई – अप्पांना? बसडेपोत बत्तीस वर्षं काढली त्या माणसानं. गाडी फाटकातून आत यायच्या आधी सांगायचे, मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय. त्यांच्या कानाला तू "वाटलं असेल" म्हणणार?

धाकटा – मग पाठ करून का बसतात?

ताई – मीही विचारलं तेच. म्हणाले, पडद्याकडे पाहिलं की दुसरीच बाई दिसते.

(धाकटा चहाचा कप खाली ठेवतो.)

ताई – उठ. तो रिमोट दे. वऱ्हांड्याचा प्रसंग अर्ध्या तासानंतर आहे, पुढे सरकवते. आता असा इकडे तोंड करून बस. नाही, टीव्हीकडे नाही. डोळे मीट.

(सिनेमा सुरू होतो. लांब वऱ्हांड्यात पावलं वाजतात, जवळ येतात, दूर जातात.)

धाकटा – ताई.

ताई – हं.

धाकटा – ही वळली आता. वळताना थांबते ती. भिंतीला हात लावून.

ताई – हो.

धाकटा – परीक्षेच्या वेळी मी चोरून रेडिओ लावायचो. दुपारी गाणी लागायची ना अर्धा तास. कान अर्धा गाण्यात आणि अर्धा जिन्यात. बेचाळीस पायऱ्या. दुसऱ्या वळणावर ती अशीच थांबायची, श्वास घ्यायला. ती पुन्हा चढायला लागली की मी रेडिओ बंद करून पुस्तक उघडायचो. कधीच सापडलो नाही.

ताई – सापडला होतास. ती आल्या आल्या रेडिओवर हात ठेवायची. गरम असायचा. मला म्हणाली होती, गाणं संपेपर्यंत मी वळणावर थांबते.

धाकटा – दमायची म्हणून थांबत नव्हती?

ताई – दमायचीही. पण गाणं वरपासून खालपर्यंत ऐकू यायचं, आणि तिला ते आवडायचं. दोघं एकच गाणं ऐकत होतात रे तुम्ही, एक वर आणि एक खाली.

धाकटा – मागे घे जरा. त्या वऱ्हांड्यापासून पुन्हा लाव.

ताई – लावते. डोळे पूस आधी.

धाकटा – माझ्याकडे तिचा एकही आवाज नाही, ताई. फोटो आहेत दोनशे. आणि ही इथे चाललीये. कुठल्या कुठल्या गावांत, थिएटरांत, अनोळखी माणसांच्या घरात चालत असेल. कोणाला माहीतही नाही. मी स्वतः हा सिनेमा तीनदा पाहिलाय. पाहिलाच नुसता. मी डॉक्टरांकडे फोन करतो, उद्या येत नाही म्हणून सांगतो.

अप्पा – कुठल्या डॉक्टरांकडे?

ताई – अप्पा, कधी आलात? आज न्हाव्यानं लवकर सोडलं.

अप्पा – त्याला घसा बसलाय, बोलता येईना. डोकं मात्र झकास भादरलं. बंद करू नकोस, चालू दे. सरक रे जरा.

धाकटा – मला का नाही सांगितलंत कधी?

अप्पा – तिनं शपथ घातली होती. म्हणायची, त्यात सांगण्यासारखं काय, मी नुसती चालले. आणि तुम्ही शाळेत मिरवलं असतं, पोरांनी तिची चाल करून दाखवली असती. तेवढं तिला नको होतं. हा रस्ता संपला की स्टेशन येईल. त्या पोरीकडे एक पत्र राहिलंय आणि ज्याचं आहे त्याची गाडी सुटायला आली आहे. इथे ती धावते.

धाकटा – नटी?

अप्पा – तुझी आई.

ताई – हे मला त्या दिवशी बोलला नाहीत. आईला धावताना मी कधीच पाहिलं नाही.

अप्पा – मी तरी कुठे पाहिलं. तिला धावायची मनाईच होती लहानपणापासून. मास्तर म्हणाले, एवढा तुकडा आपण दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ. ही म्हणाली, इतकं चालले मी तिच्यासाठी, आता पळायला दुसरी कशाला? नऊ वेळा धावली. घरी आली तेव्हा घोटा हा एवढा सुजलेला. मी शेकायला पाणी तापवलं, तर म्हणाली, राहू द्या, आज दुखू दे.

धाकटा – अप्पा, उद्या तीन वाजता मी पण…

अप्पा – ये. आता बोलू नकोस. आली ती.