मामांनी बघितलेलं कारंजं

दुबईचा समुद्र कसा, वाळवंट कसं, हे मला विचारू नका. माझ्याबरोबर कडेगावचे मामा होते. सगळा जन्म उसाला पाणी पाजण्यात गेलेला माणूस. वाळवंटात उंटावर बसवलं, तर वरूनच म्हणाले, "एवढं रान पडलंय, पर पाण्याची सोय न्हाई रं."

शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्यांना गाण्यावर नाचणारं कारंजं दाखवायला नेलं. तिथून समुद्रात बोटीवर जेवायला जायचं होतं, पैसे आधीच भरलेले. कारंजं उंच उडालं, लोक मोबाईल वर धरून उभे. मामांनी विचारलं, "मोटर किती एचपीची आसंल?" तेवढ्यात गाणं संपलं आणि पाणी एकदम खाली बसलं.

"गेली लाईट," मामा म्हणाले आणि कठड्याला पाठ लावून तिथंच टेकले.

"आवं मामा, खेळ संपला. चला, बोट सुटंल."

"बस गड्या. लाईट गेली म्हणून रानातनं कोण घरी जातंय व्हय? आपण घरी पोचलो की हमखास येती."

मी समजावलं, हात धरून ओढलं. मामा हलले नाहीत. तिकडं बोट गेली आणि इकडं कारंज्याचा पुढचा खेळ सुरू झाला.

मामा धोतर झटकत उठले. "आली का न्हाई? लोकं उगंच निघून गेली."

आता गावात पारावर बसून सगळ्यांना सांगतात, "दुबई लय भारी हाय, पर लाईटीचं आपल्यासारखंच हाय."