तिसऱ्या भागातला वीर

लोककथेतला नायक गंभीर कधी होतो, असे तुम्ही मघाशी विचारलेत. लोककलांच्या अभ्यासासाठी फिरत असतानाची, नव्वदच्या दशकातली, विट्याकडच्या जत्रेतली एक रात्र मला आठवते. व्हिडिओवरचा उडणारा वीर पाहून तमाशाचे मालक दादू यांनी तीन भागांचा वग रचला होता. दर जत्रेला एक भाग. पहिल्या वर्षी ते स्वतः लाल झगा घालून दोराला लटकून हसत उडाले. दुसऱ्या वर्षीही वीर उडाला, पण चिडलेला होता. तिसऱ्या वर्षी कंबरेने दगा दिला.

"सर, आज उडलो न्हाई तर पुढच्या सालची सुपारी गेली बगा," ते पडद्यामागे मला म्हणाले.

रंगमंचावर एका हाताने कंबर धरत त्यांनी दुसऱ्या हातात दोर घेतला आणि सोडून दिला. प्रेक्षकांत मागून कोणी ओरडले, "उड की रं!"

"वरनं तुमी लय बारीक दिसता, गड्या. आज जवळनं बगू द्या," दादू म्हणाले.

नायकाच्या परिवर्तनाचे सूत्र मी मनात मांडू लागलो, तेवढ्यात मघाशी ओरडणाराच हळू आवाजात म्हणाला, "मग बस की खाली. कंबर दुखतीया न्हवं?"

दादू बसले. उरलेला वग त्यांनी बसूनच केला, आणि शेवटपर्यंत कुणी उठले नाही.