पाणी द्या, वाट दाखवू नका

मंडळी, बसून घ्या. मागं उभे आहात त्यांनीही बसा. विहाराची ओटी लहान पडली, पण अंगणात सतरंज्या टाकल्यात.

वंदना झाली. गुरुजी बोलले. आता मला उभं केलंय. धोंडाआत्या जाऊन आठवडा होत आला आणि या आठवड्यात मी कुणाशी धड बोललेली नाही. सभेत बोलायची तर मला सवयच नाही. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

वरच्या वाडीवरनं, हिर्डोशीकडनं, भोरहून माणसं आलीत. गावातनं पोलीस पाटील आलेत, आपल्याबरोबर सतरंजीवर बसलेत. काहीजण मला ओळखत नसतील. मी विमल. आत्याच्या चुलतभावाची मुलगी, याच वाडीची लेक. मी शिवणकाम करते. इथं बसलेल्या बऱ्याच जणींची पोलकी माझ्या मशीनवरची आहेत, आणि काखेत घट्ट होतात म्हणून त्या मला शिव्याही घालतात.

गुरुजी आत्ता म्हणाले, आत्याच्या दारातनं कुणी तहानेलं गेलं नाही. खरं आहे. एस.टी. थांबते तिथनं वाडीत यायला एकच पायवाट, आणि त्या वाटेवरचं पहिलं घर आत्याचं. दारात रांजण. येणारा कोणत्याही जातीचा असो, आत्या तांब्या भरून पुढं करायची. कुणी प्यायचं. कुणी "आत्ताच प्यालोय" म्हणून नजर चुकवून पुढं जायचं. आत्या तांब्या खाली ठेवायची आणि पुढच्याला पुन्हा विचारायची. लहानपणी ती गावच्या विहिरीवर हंडा घेऊन उभी राहिली होती, कुणीतरी वरनं पाणी ओतेल म्हणून. हे सांगताना ती कधी रडली नाही. म्हणायची, "म्या उभी ऱ्हायले तेवढं पुरं. माज्या दारात पाण्यासाठी कुणी उभं ऱ्हायाचं न्हाई."

त्या पाण्याबद्दलच मला बोलायचंय.

माझं लग्न झालं होतं, हे वाडीला माहीत आहे. त्या माणसाचं नाव मी घेणार नाही. आधी नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं म्हणून घेत नव्हते. आता घ्यावंसं वाटत नाही म्हणून घेत नाही. रस्त्याच्या कामावर मुकादम होता. बाहेर फार गोड बोलायचा. घरात कसा होता ते माझ्या या मनगटाला विचारा, कात्री धरली की अजून ठणकतं.

शेवटी मी माहेरी आले, आईबापामागं रिकाम्या पडलेल्या घरात. भोरच्या कोर्टात फारकत झाली. त्याच्या धमक्या थांबेनात म्हणून वकिलांनी मनाई हुकूमही मिळवून दिला. तिच्या घरी जायचं नाही, ती काम करते तिथं जायचं नाही, तिला रस्त्यात अडवायचं नाही. केलंस तर तुरुंग. शिक्का मारलेला कागद. तो कागद छातीशी धरून मी एस.टी.त बसले आणि घरापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. भाताची खाचरं, डोंगर, बांधावरची जनावरं, सगळं मला नवीन दिसत होतं. मला वाटलं, सुटले.

घरी आल्यावर कागद मी आत्याला वाचून दाखवला. तिनं मान डोलावली. पण कागद एका दिवसाचा आणि सवय जन्माची. भाताच्या कापणीत तो आला. एस.टी.तनं उतरला, पायवाटेनं आला, आत्याच्या दारात वाकून म्हणाला, आत्याबाई, चुकलो, माफी मागायला आलोय. वाडीचा जावई दारात. आत्यानं काय करावं? तिनं पाणी दिलं. गुळाचा खडा दिला. आणि पाहुण्याला दारापर्यंत पोचवायची आपली रीत, म्हणून स्वतः पुढं चालत त्याला माझ्या घरी घेऊन आली.

"विमे, दार उघड गं. पाव्हणं आल्यात."

मी दार उघडलं. आवाज आत्याचा होता म्हणून उघडलं. दुसऱ्या कुणालाही मी आधी कोण पाव्हणं म्हणून विचारलं असतं.

तो आत आला आणि त्यानं आतनं कडी घातली. पुढचं सांगत नाही, लेकरं बसलीत. बाहेर आत्या दार बडवत होती. वाडीतली माणसं गोळा झाली आणि उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, "नवराबायकोचं हाय, आपुन कसं पडायचं मधी?" मला आतनं ऐकू आलं. ज्यांनी म्हटलं ते आज इथं आहेत. मी नाव घेत नाही, त्यांनीच मग मला बैलगाडीतनं दवाखान्यात नेलं.

पण आत्या उभी राहिली नाही. ती घरामागं गेली. माझ्या घराची मागची भिंत म्हणजे कारवीच्या काटक्यांचा कूड, वरनं शेणामातीचा लेप. तिनं कोयत्यानं तो कूड फोडला, हात घालून मला बाहेर ओढलं आणि माझ्या पुढं उभी राहिली. भोकातनं आत बघून म्हणाली, "ये आता बाहीर." तो पुढच्या दारानं पळाला.

त्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या पायाशी बसून राहिली. एकच म्हणत होती. "म्या आणला गं त्येला. ह्या पायांनी चालत आणला." मी म्हणाले, आत्या, तुला काय ठाऊक. ती म्हणाली, "तू वाचून दाकवलं हुतंस की. म्या ऐकलं, पर माज्या पायांनी ऐकलं न्हाई."

कूड परत लिंपायला माणसं आली तर तिनं हाकलून दिली. म्हणाली, ह्ये भोक बुजवायचं न्हाई. त्याला चौकट आणि फळी बसवून घेतली, आतनं कडी लावून घेतली. माझ्या घराला मागचं दार आहे ना, लोक विचारतात एवढ्याशा घराला दोन दारं कशाला, ते दार असं आलं.

मग आम्ही भोरला गेलो. चौकीत तक्रार लिहून दिली, आत्यानं साक्षीचा अंगठा दिला. त्याला धरलं, थोडे दिवस आत ठेवलं, ताकीद दिली, सोडलं. तो पुन्हा आला. पुन्हा तक्रार. पुन्हा आला. मी कुणाला दोष देत नाही. हुकूम भोरला होता, मी इथं होते, आणि मधे दिवसातनं दोनदा येणारी एस.टी.

मी आत्याला म्हणाले, आता आला तर त्याला पाणीसुद्धा देऊ नकोस. दारातनं हाकल. आत्या रांजण विसळायला लागली. मला राग आला. मी म्हणाले, तुला माझ्यापेक्षा तो मोठा का? तेव्हा म्हणाली, "विमे, पाणी न्हाई, ह्ये तोंडातनं काढायला माजी जीब उचलंना. ते आमी लई ऐकलंय. तुला मारणारा झाला तरी म्या त्येला ते म्हणणार न्हाई." आणि मग म्हणाली, "पाणी दिऊ. वाट न्हाई दाकवायची."

मंडळी, त्या बाईनं मग काय केलं, ते तुम्हीही केलंय. तो दिसला की आत्या मोठ्यानं ओरडायची, "पाव्हणं आल्यात गं." तीच हाक, तोच आवाज. फक्त आता ती हाक माझ्यासाठी होती. मी मशीन सोडून मागच्या दारानं वरच्या वाडीला. इकडं आत्या त्याला ओट्यावर बसवायची. पाणी. मग चहा. मग नाचणीची भाकरी, आणि ती भाकरी इतकी सावकाश की पीठ मळतानाच त्याचा जीव जावा. तोवर वाडीतल्या सगळ्या बाया येऊन त्याच्या भोवती बसायच्या. तुमच्याकडं पाऊस कसा, म्हस व्याली का, आईचं गुडघं कसं हाय. पाहुण्याला उठता येईना. उठला की कुणीतरी म्हणायचं, बसा की दाजी. तो दात खात बसायचा, आणि गाडीची वेळ झाली की सगळ्याजणी त्याला थांब्यापर्यंत पोचवायला जायच्या. शेवटी शेवटी तर आत्या त्याला बघून हसायची. दुसऱ्या दिवशी पाटलांकडं जाऊन, आला होता म्हणून लिहून ठेवायला लावायची.

हसलात ना? मीही हसले होते. पण याला सुटका म्हणू नका.

मनाई त्याला होती. कोंडून मी होते. मी भोरच्या बाजाराला गेले नाही. कापड, दोरा, बटणं दुसऱ्या कुणी आणून दिली. बहिणीच्या मुलीचं लग्न वेल्ह्याला होतं, तिचं लग्नाचं पोलकं मी शिवलं, पण अंगावर बघितलं नाही. पाठ वाटेकडं करून मी कधी बसले नाही. एस.टी.चा हॉर्न वाजला की सुई थांबायची. तुम्ही म्हणता, विमल फार गप्प झाली. गप्प नव्हते हो, ऐकत असायचे.

आणि माझ्याबरोबर दुसरी एक बाई कोंडली गेली. तिच्यावर तर कुणाचा हुकूम नव्हता. आत्या दारातनं हलेना. भावाकडं गेली नाही, लावणीला कुणाच्या वावरात गेली नाही. या थंडीत तिचा दमा वाढला. मी म्हणाले, चल दवाखान्यात. तुम्ही गाडी जुंपून आणलीत, आठवतं? ती म्हणाली, "दार कोन राखंल?" आम्ही म्हणालो, राखू आम्ही. ती म्हणाली, उद्या जाऊ. रोज उद्या म्हणाली. लोक म्हणतात आत्या दम्यानं गेली. मी म्हणते, त्या माणसानं माझं मनगट मोडलं आणि आत्याला दारात बसवून मारलं. मला याचा राग येतो. शोकसभेत रागावू नये, पण मला रडण्याआधी राग येतो.

आता जे सांगते ते शांतपणे ऐका. कुणी उठू नका. मागं वळून बघू नका अजून.

तो आज इथं आलाय.

सकाळच्या गाडीनं आलाय. सगळ्यात मागं, उंबराच्या बुंध्याशी बसलाय, डोक्याला पांढरा रुमाल बांधून. मी बोलायला उभी राहिले तेव्हाच मला दिसला. कुणीतरी त्याला पाणी दिलं असेल, जागा दिली असेल. त्यांना मी बोल लावत नाही. मयताच्या घरी आलेल्याला आपण अडवत नाही, हे त्याला ठाऊक आहे. आपल्या चांगल्या रीती त्यानं नीट शिकून घेतल्यात. आधी जावई म्हणून आला, आज दुःखाला म्हणून आलाय. आत्या गेली, पहिलं दार मोकळं झालं, एवढंच त्यानं ऐकलंय.

मला भीती वाटते. आतापर्यंत असा दिसला की मी मागच्या दारानं गेले. विहाराला मागचं दार नाही. आणि असतं तरी आज आत्याच्या सभेतनं मी पळून गेले नसते.

त्याला हात लावू नका. मारलंत तर उद्या कोर्टात तो तक्रारदार होईल, तुम्ही आरोपी आणि मी आरोपीची बहीण. हात लावायचा नाही. पाटील, तुम्ही बघितलंत त्याला. आजची तारीख आणि कोण कोण इथं होतं ते लिहून घ्या. उद्या पहिल्या गाडीनं मी भोरला जाणार आहे, हुकूम घेऊन. माझ्याबरोबर दोघंजण या. आणि त्या पहिल्या घरात आळीपाळीनं कुणीतरी बसत जा. पण एकाच बाईला बसवू नका. पुन्हा एकीला दारात कोंडू नका. मी स्वतःही बसेन.

सभा संपली की गाडी येईपर्यंत सगळे त्याच्याबरोबर थांब्यावर जा. मागितलं तर त्याला पाणी द्या. आत्याच्या रांजणात आहे, मी सकाळीच भरलंय. वाट दाखवू नका.

आता उभं राहू आणि आत्यासाठी दोन मिनिटं स्तब्ध होऊ. अशा वेळी आपण डोळे मिटतो. आज मिटू नका. आत्या दारात बसून वाटेकडं बघायची, जन्मभर बघत राहिली. आपणही तसंच करू. सगळे उभे राहा, हळूच मागं वळा, उंबराकडं तोंड करा आणि डोळे उघडे ठेवून बघत राहा. कुणी काही बोलायचं नाही.

आत्या, तुझ्या पायांना माझा नमस्कार. आज मी पुढच्या वाटेनं, पुढच्या दारानं घरी जाणार आहे.

उठा, मंडळी.