म्हाताऱ्या राजाचे हात

मी मूळचा मोरगावचा. शाळा चौथीपतूर, जमीन म्हणाल तर बाजरी आली तर आली, म्हणून लहानपणीच बैलांच्या बाजारात शिरलो, कुणाच्या वशिल्यानं न्हाय, माझा मी, आणि माळेगावला उसाच्या गाडीला जुंपलेली जोडी बघितली की आजबी सांगतो, ही माझ्या हातनं गेली का दुसऱ्याच्या. सौदा करताना आमी तोंडानं बोलत न्हाय. उपरण्याखाली एकमेकाची बोटं धरायची, बोटं दाबून भाव सांगायचा, शेजारच्याला पत्ता न्हाय. बोट धरलं की मला कळायचं, माणूस गरजू हाय का मुरलेला. राग मात्र माझ्या नाकावर, ते काय लपवायचं.

त्या रागापायीच हे रंगाचं खूळ लागलं. बीपी वाढलं, डॉक्टर म्हणाला बाजार बंद, मग पोरानं मला बारामतीत एका रिटायर ड्रॉइंग मास्तरांकडं नेऊन बसवलं. मास्तर म्हणाले, शंकरराव, जुनं चित्र बघून तसंच्या तसं काढायचं, तेलरंग असाच शिकतात. आणि चित्र दिलं ते परदेशी पुराणातलं. एका म्हाताऱ्या राजाचा पोरगा लढाईत मेलाय, आणि राजा मारणाऱ्याच्याच पुढं गुडघे टेकून, त्याचा हात धरून, पोराचं मढं मागतोय. मी विचारलं, दिलं का? मास्तर म्हणाले, दिलं. माझं डोकंच फिरलं, काय सांगू तुम्हाला. तितं वैऱ्यानं दिलं, आणि हितं माझ्या सख्ख्या थोरल्या भावानं, अण्णानं, आमच्या बापाला, आबाला, माझी वाट न बघता अग्नी दिला. मी सांगोल्याच्या बाजारात, खिशात फोन, एक फोन केला न्हाय. आलो तवा राख. सात वर्षं मी त्याच्याशी बोललो न्हाय.

तरी चित्र सोडलं न्हाय. कपडे जमले, दाढी जमली, राजाचे हात काय जमंनात. रोज काढायचो, रोज खरवडायचो. मास्तर म्हणाले, हे हात नव्हेत, केळीचा घड आहे. मी म्हणालो, मास्तर, जन्मभर हात उपरण्याखाली धरले, बघितलेत कुणी? मग बघा, म्हणाले, एखाद्या म्हाताऱ्याला समोर बसवा.

हाडं वर आलेला हात मला एकच ठाऊक. फोन लावला, म्हणालो, चित्रासाठी हात पाहिजे, बाकी काय न्हाय. अण्णा एसटीनं आला, मास्तरांकडं हात पुढं करून बसला. नुसतं बघून जमंना, म्हणून मी त्याच्या हातावर उपरणं टाकलं आणि खालनं एकेक सांधा चाचपला. मान वर न करता अण्णा म्हणाला, जाताना आबाच म्हणालेला रं, शंकऱ्याचा बाजार मोडू नका, त्याला मागनं सांगा. मी वरडलो, मग सात वर्षं सांगितलं का न्हाईस? तो म्हणाला, तू बोलू कुठं दिलंस? मास्तर हसले. मग मीबी.

त्याच बैठकीत हात उतरला. छातीवरचं वझं गेलं. राग अजून येतो, पण आता आबावर येतो, आणि त्याला काय बोलणार.

राजाचा दुसरा हात परवा मी एकट्यानंच पुरा केला, चांगला झाला. काल अण्णाचा फोन, दुसरा हात राहिलाय का रं? मी म्हणालो, राहिलाय, सोमवारी ये.